रक्ताला खोडवा

मी फाळका बोलतोय. ट्रॉलीच्या पाठीमागे कड्या लावून बसवलेला लोखंडी फाळका. बारामती-इंदापूर भागात उसाच्या ट्रॉलीमागे अडकून तुम्ही कधी चरफडला असाल, तर तुमची-माझी नजरानजर झालेलीच आहे. तुम्ही हॉर्न वाजवत होता आणि मी निमूट तुमच्याकडे बघत होतो.

माझा जन्म बारामतीतल्या एका वर्कशॉपमधला. तिथून मी शेळगावच्या दिग्विजयच्या ट्रॉलीला जोडला गेलो. दिग्विजय म्हणजे अंगापिंडाने दांडगा गडी, खताची पोती हसत-हसत उचलणारा. पण डॉक्टरने सुई बाहेर काढली की हाच गडी डोळे गच्च मिटून आईचा धावा करतो. ही मी पिकवलेली कंडी नव्हे. त्याच्या आईनेच, द्वारकाबाईंनी, भर अंगणात सगळ्यांना हसत सांगितलेलं मी ऐकलंय.

मला रंगवलं अंथुर्ण्याच्या अकबर पेंटरने. दोन मोर, मधे गुलाब आणि खाली 'आईची कृपा'. मागून येणारे वाचायचे आणि पुढच्या वळणावर विसरायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे. फाळक्यावरची अक्षरं मनावर कोण घेतो?

अकबरची मुलगी शाहीन. तिला थॅलेसेमिया आहे. अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी बारामतीला नेऊन बाहेरचं रक्त चढवावं लागतं. एरवी ते मिळून जायचं. पण उसाचा हंगाम लागला की आमच्या भागात माणसाला मान वर करायला सवड नसते, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढीत खडखडाट होतो. यंदाही तसंच झालं. अकबरने स्वतः दिलं होतं, त्याच्या मेहुण्यांनीही दिलं होतं, आणि आता तीन महिने त्यांना पुन्हा देता येणार नव्हतं. पुढची तारीख जवळ येत होती. पोरीचे ओठ पांढुरके पडले होते.

त्याच दिवसांत दिग्विजयने मला पुन्हा रंगवायला नेलं. शाहीन सावलीला पोतं टाकून बसली होती. मोरांऐवजी रक्तदानाचं चित्र काढू का, असं अकबरने विचारलं. दिग्विजयची ना नव्हती, पण मनातलं बोलल्यावाचून त्याला राहवेना.

"काढा की. पर अकबरभाई, रक्त दिलं की गड्याचं बळ जातंय, असं समदेच म्हणत्यात."

अकबर ब्रश पुसत म्हणाला, "ऊस तोडला म्हणून रान मरतंय का, दिग्विजयराव? त्याच बुडख्यातनं कोंब येत्यात, खोडवा उभा ऱ्हातोय. रक्ताचं बी तसंच हाय."

आणि तेच त्याने माझ्यावर काढलं. तोडलेल्या उसाचं बेट, त्यातून वर येणारे हिरवेगार कोंब आणि शेजारी टपोरा लाल थेंब. तो थेंब शाहीनने भरला. दोनदा दम खायला थांबली, पण ब्रश काही सोडला नाही. वर लिहिलं, 'उसाला खोडवा', आणि खाली, 'रक्तालाही खोडवा. रक्तदान करा.' मला पहिल्यांदाच वाटलं, आपण काहीतरी आहोत.

माझी ऐट फार टिकली नाही. पहिल्याच फेरीला ट्रॉली ओल्या रानात रुतली. चाकांनी असा काही चिखल उडवला की माझी खालची ओळ पार लिंपली गेली. राहिलं काय, तर 'उसाला खोडवा', कोंब आणि एक थेंब. आता उसाशेजारी थेंब दिसला की आमच्या माणसाला एकच गोष्ट आठवते, ठिबक सिंचन.

कारखान्याच्या यार्डात ट्रॉल्यांची रांग लागली होती. मागचे ड्रायव्हर उतरून येऊ लागले. खोडव्याला ठिबक कोणत्या कंपनीचं, नळी किती अंतरावर टाकायची, नाना चौकशा. दिग्विजय प्रत्येकाला सांगून थकला की बाबांनो, हे ठिबक नव्हे, रक्त आहे. मग शाहीनचं सांगायचं, मग खोडव्याचं. सांगता सांगता तो चांगलाच रंगात आला. अकबरचे शब्द स्वतःचेच असल्यासारखे फेकू लागला.

शेवटी शेळगावचेच बडे बागायतदार आप्पासाहेब आले. त्यांनी ऐटीत विचारलं, "काय दिग्विजयराव, ठिबकची एजन्सी घेतली का काय?" दिग्विजयने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आप्पासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पटलं. मंग तुमी कवा दिलं?"

 एवढा वेळ गड्याच्या तोंडाचा पट्टा चालला होता, आता तो हाताने माझ्यावरचा चिखल खरवडायला लागला. मला हसू येत होतं आणि त्याची कीवही येत होती. खालची ओळ पूर्ण दिसू लागल्यावर तो म्हणाला, "न्हाय दिलं, आप्पासाहेब. भ्या वाटतंय. पर देतो."

आप्पासाहेबांनी बोलणं तिथेच सोडलं नाही. त्यांनी रक्तपेढीला फोन लावला आणि रांगेतल्या ड्रायव्हरांना घेऊन शेळगावच्या शाळेत शिबिर भरवलं. मला शाळेच्या फाटकाशी उभं केलं होतं. दिग्विजय आत गेला तो देवळात शिरल्यासारखा चप्पल काढून. द्वारकाबाई त्याचं डोकं धरून उशाशी उभ्या होत्या. बाहेर आला तेव्हा हातात बिस्किटाचा पुडा आणि चेहऱ्यावर लग्न पार पडल्यासारखं समाधान होतं.

शाहीनला तिच्या तारखेला रक्त मिळालं. घरी परतताना अकबरची रिक्षा वाटेत आमच्यापाशी थांबली. पोरीच्या ओठांवर लाली होती आणि ती भूक लागली म्हणून बापाशी भांडत होती. अकबर मला टेकून उभा राहिला आणि ढसाढसा रडला. लोखंडाचा असूनही मी त्या दिवशी सैलावलो. केवढं मोठं ओझं उतरलं होतं.

आता हंगाम संपलाय. मी गोठ्याशेजारी उभा आहे, कोंबड्या माझ्यावर बसतात, रंग ठिकठिकाणी उडालाय. पुढच्या साली कदाचित पुन्हा मोर येतील, माझी तक्रार नाही. तुम्ही मात्र ट्रॉलीमागे अडकलात तर हॉर्न जरा थांबवा आणि वाचा. वाचून झालं की तेवढं मनावर घ्या.

आज सकाळीच दिग्विजय माझ्यावर कोपर टेकवून अकबरला फोन करत होता.

"अकबरभाई, तीन महिने झालं. माझा खोडवा तोडणीला आलाय. बारामतीला कवा जायचं?"