हाताला गुण

"अहो, छाती बाळाकडे नेऊ नका, बाळाला छातीकडे आणा. असं. आणि मान दाबायची नाही."

सिस्टरने तळहात बाळाच्या खांद्यांमागे ठेवला. बाळाने मोठा आ केला आणि गपकन लागलं. दोन दिवस नुसता गोंधळ घालणारं पोर मुकाट्याने गिळू लागलं, तशी त्याच्या आईलाच रडू फुटलं.

"सिस्टरच्या हाताला गुण आहे बाई," शेजारच्या खाटेवरची म्हणाली. "हिने लावला तर दगडही दूध पिईल."

"स्वतःचं तेवढं पीत नाही म्हणे," खिडकीजवळच्या खाटेवरून आवाज आला. बायका हसल्या. सिस्टरही हसली. बाळंतिणींच्या वॉर्डात बारा वर्षं काढलेलं माणूस कशालाही हसतं.

खोटं नव्हतं ते. तिचं पोर सातव्या महिन्यातच आलं आणि चाळीस दिवस वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत राहिलं. तिने यंत्र लावून दूध काढलं. ते आधी नळीने गेलं, घरी आणल्यावर बाटलीने. अंगावर घ्यायला गेलं की मात्र पोर ताठ व्हायचं, पाठीची कमान करून किंचाळायचं. आता चौथा महिना सरत आला होता आणि तिचं अंग यंत्राला फसेनासं झालं होतं. पूर्वी बाटली भरायची, आता तळ झाकला तरी पुष्कळ. या आठवड्यात पोर लागलं नाही तर दूध आटणार. हे तिला कुणी सांगायला नको होतं, इतरांना तीच सांगायची.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने इस्पितळातून आणलेल्या जंतुनाशक साबणाने कोपरापर्यंत हात घासले. काचेतून वाचलेलं पोर. ते घरी आल्यापासून एकदाही तिने हे चुकवलं नव्हतं. मग पडदे ओढले, पोराला उघड्या छातीशी घेतलं, दुधाचा थेंब त्याच्या ओठाला लावला. त्याने तो चाटला. तोंड उघडलं. तिने हात हळूच खांद्यांमागे नेला मात्र, पोराने घर डोक्यावर घेतलं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या कायम दारातच असत.

"सोड त्याला. तुझा वासच नकोय त्याला."

"आई, दोन मिनिटं..."

"पोटातून काढलं म्हणजे आई होत नाही कुणी. दे इकडे."

त्यांच्या मांडीवर जाताच पोर गप्प झालं आणि गटागटा बाटली ओढू लागलं. सासूबाईंच्या जिभेला हाड नाही, हे ती लग्नापासून ओळखून होती. पण त्यांच्या शब्दांपेक्षा पोराचं ते गप्प होणं तिला जास्त लागलं. बाहेर नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला. तेवढाच त्याचा संसारातला सहभाग.

दुसऱ्या दिवशी वरून एक बाळ खाली आलं, काचेत पन्नास दिवस काढलेलं. सिस्टर नेहमीसारखी हात धुऊन पुढे झाली. हात जवळ गेला आणि बाळ ताठ झालं. तीच कमान, तीच किंकाळी.

लादी पुसणारी मावशी थांबली. "मागं व्हा सिस्टर. वरची पोरं अशीच करतात. त्या साबणाचा वास आला की मागून सुई येते, हे पाठ झालंय त्यांना. आईला एकटीला घेऊ द्या."

सिस्टर मागे झाली. आईने एकटीने घेतलं. थोडं कुरकुरून बाळ लागलं.

सिस्टरने आपले हात नाकाशी नेले. बारा वर्षांत तिला तो वास कधी आलाच नव्हता.

त्या संध्याकाळी तिने अंगाच्या साध्या साबणाने तीनदा हात धुतले, वर लिंबू चोळलं. वास नखांच्या कडांत होता, भेगांत होता. आणि उद्या पुन्हा ड्यूटी होतीच, पुन्हा दिवसातून चाळीस वेळा तोच साबण. ती पलंगावर बसली, मांडीवर उशी घेतली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आई, तुम्ही लावा त्याला. मी हात लावत नाही. माझ्या हातांचा वास..."

"कळलं एकदाचं?" सासूबाई म्हणाल्या. "मी महिन्यापूर्वीच ओळखलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"रोज बोलत होते की. तुला टोमणा वाटला, मी वाटू दिला."

भांडायला अजून सगळा जन्म पडला होता, दुधाला तेवढा वेळ नव्हता.

सासूबाईंनी पोर उशीवर ठेवलं.

"छातीकडे आणा त्याला," ती म्हणाली. आवाज वॉर्डातलाच निघाला. "अजून. हात खांद्यांमागे. मान दाबू नका."

पोराने थेंब चाटला. मोठा आ केला. आणि लागलं.

चार महिन्यांनी छातीतून कळ सुटली आणि दूध आपोआप उतरलं. पोर डोळे मिटून गिळत होतं, खांद्यांमागे सासूबाईंचा हात होता. त्याची चिमुकली मूठ उघडली, तिच्या छातीवरून चाचपडत वर आली, काहीतरी धरायला शोधू लागली.

तिने पाठीमागे बोटं एकमेकांत आणखी घट्ट अडकवली.