न्यूट्रलमध्ये पळालेली गाडी

ब्रेकवर पाय होता आणि समोर एन दिसत होता. म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये होती. सत्यशीलाबाईंनी हे बघूनच गाडी चालू केली होती, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या बिनक्लचच्या गाडीनेच शाळेत जायच्या. त्या सकाळी त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला मात्र, गाडी पुढे निघाली. पुढे अंगणात, भिंतीपाशी सून ज्योत्स्ना दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिला सातवा महिना लागला होता.

ब्रेक लागेपर्यंत मधला पाण्याचा ड्रम फुटून चेपला होता. ज्योत्स्नाची पाठ भिंतीला आणि पोटाशी ओले कपडे. तिला खरचटलंही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकून सगळं ठीक असल्याचं सांगितलं.

“पाय अ‍ॅक्सिलेटरवर पडला असंल तुझा,” रामकिसन, त्यांचे पती, समजुतीने म्हणाले. “होतं असं. आता चालवू नको.”

त्या समजुतीनेच बाईंना जास्त भीती घातली. वर्गात पोरं पाढे म्हणत असताना टेबलाखाली त्या उजवा पाय हलवून बघायच्या: हा आपला ऐकतो का? सासू स्वयंपाकघरात आली की ज्योत्स्नाचा हात पोटावर जायचा. बाईंनी ते पाहिलं, आणि त्या बाहेर ओट्यावरच बसू लागल्या.

शेवटी त्यांनीच हट्ट धरला. “एकदा गाडी दाखवू. माझा पाय असंल तर असंल. पण मला कळू तर द्या.”

रामकिसननी गाडी टेंभुर्णीला प्रितमच्या गॅरेजवर नेली. वाटेत गाडीने एकदाही त्रास दिला नाही. बाई शेजारी दाराची कडी धरून बसल्या होत्या, आणि गाडी जितकी नीट चालली तितकी, दोष आपल्याच पायाचा, अशी त्यांची खात्री होत होती.

प्रितमने स्कॅनर लावला. “काकू, हितं गिअर पोझिशन सेन्सरच्या सर्किटमधल्या बिघाडाचा कोड दाखवून राह्यला. आत कोणता गिअर पडलाय ते सांगणारा सेन्सर. पण एवढ्यावरून सेन्सर बदलत न्हाई मी. वायर बघू आधी. बसा तुम्ही गाडीत.”

“मी?”

“कुणीतरी ब्रेक धरायला पाहिजे. पुढची चाकं अधांतरी ठेवतो. गाडी कुठंच जाणार न्हाई.”

रामकिसन पुढे झाले, पण बाईंनीच दार उघडलं. गाडीचं नाक स्टँडवर उचललेलं, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला. तरी त्यांनी बसल्याबसल्या ब्रेक गच्च दाबला.

“अहो, पुढून हटा!” त्या ओरडल्या. रामकिसन बॉनेटसमोर उभे होते. ते दचकून बाजूला झाले.

इंजिन चालू झालं. प्रितमच्या सांगण्यावरून बाईंनी गाडी गिअरमध्ये टाकून पुन्हा न्यूट्रलला आणली. असं दोनचारदा झालं. मग प्रितमने बाजूने हात घालून बॅटरीखालची वायर हलवत ठेवली.

“पुन्हा न्यूट्रल करा. काय दिसतं?”

“एन.”

“ब्रेक सोडा.”

पाय उचलेना. ब्रेकला जणू चिकटूनच बसला होता. प्रितमने घाई केली नाही. बाईंनी डोळे मिटले आणि पाय काढला.

“थांबा! चाक बघा, काका.”

पुढचं चाक हळूहळू फिरत होतं. बाईंनी डोळे उघडले. समोर एन. दोन्ही पाय खाली, पायपुसण्यावर. आणि चाक फिरतच होतं.

रामकिसन चाकाकडे बघत राहिले. “हिनं तर कशालाच पाय लावला न्हाई,” ते हळूच म्हणाले.

बाईंनी गाडी बंद केली. त्यांना रडू फुटलं, पण ते सुटकेचं नव्हतं. इतके दिवस त्यांना स्वतःच्या पायाची भीती होती. पायाला निदान आवरता आलं असतं. ही गाडी डोळ्यांदेखत खोटं सांगत होती.

प्रितमने मीटर लावून पाहिलं. सेन्सर चांगला होता. त्याची वायर मात्र एका लोखंडी पट्टीला घासून सोलली होती, आणि इंजिनच्या थरथरीने तांबं पट्टीला टेकलं की कॉम्प्युटरला चुकीचा गिअर कळायचा; आत गिअर पडलेलाच असताना समोर एन दिसायचा. त्याने वायर जोडली, वर आवरण चढवलं, ती पट्टीपासून लांब बांधली आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली. किती हलवली तरी चाक जागचं हललं नाही.

घरी येताना गाडी रामकिसनच चालवत होते. ते म्हणाले, “मी उगंच तुझ्यावर घातलं.” बाईंनी मान डोलावली.

ज्योत्स्नाला त्यांनी ओट्यावर बसवून सगळं सांगितलं.

“आई, मला तुमचाच पाय वाटला होता,” ती म्हणाली. “त्यापेक्षाही वाईट, मुद्दाम केल्यागत, वाटून गेल्तं. सांगवत न्हाई.”

“नको सांगू. मलाबी माझ्या पायाचा भरवसा वाटत नव्हता.”

ज्योत्स्नाने सासूचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आत बाळ सरकलं. बाईंनी हात तसाच ठेवला.