दारावरची हिरवी बाटली

आमच्या वस्तीत घराची अब्रू दारावर टांगलेली असायची. खिळ्याला तार, तारेला बाटली. महिनाभरात वीज ठरलेल्या हद्दीत वापरली तर हिरवी, जास्त वापरली तर तपकिरी. बाटल्या आमच्याच कारखान्याच्या, टांगणारे आमच्याच समितीचे आणि येता-जाता माना वाकड्या करून बघणारेही आमचेच शेजारी. ‘यात कसलीही सक्ती नाही’ हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं, तेव्हाच मी ओळखलं की आता सुटका नाही.

वाक्य हिरवेसाहेबांचं. हे नाव आम्हीच पाडलेलं. ते कंपनीचे की सरकारचे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही; दोन्हीकडचा चहा प्यायचे. त्यांनी सगळ्यांना सभागृहात बसवून समजावलं. हवा तापते आहे, धूर कमी करायचा कायदा आला आहे, कारखाना आणि वस्ती मिळून धुराची एक हद्द ठरली आहे. ती ओलांडली तर भट्टी विझवावी लागेल. आता काचेची भट्टी म्हणजे काही घरातली शेगडी नव्हे, संध्याकाळी बंद केली नि सकाळी पेटवली. ती वर्षानुवर्षं अखंड जळते. एकदा थंड झाली की आतली काच आतच गोठते, विटा तडकतात आणि सगळं फोडून टाकण्याखेरीज काही उरत नाही. तेव्हा भट्टी कमी जाळायचा प्रश्नच नव्हता. कमी करायचं ते घरांनी, आणि तेही राजीखुशीने.

हवा तापते आहे हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं. मी कारखान्यात पॅकिंगला. पत्र्याखाली उभं राहून बाटल्या खोक्यात भरता भरता शेजारची बाई कधी भोवळ येऊन खाली बसेल याचा नेम राहिला नव्हता. कारखान्यामागच्या तळ्याचा नुसता चिखल उरला होता. म्हणजे साहेब खोटं बोलत नव्हते. पण एवढी मोठी भट्टी पाठीशी धडधडत असताना आम्हाला घरातला पंखा बंद करायला सांगायचं, याचा मला संताप यायचा. तो मी भांड्यांवर काढायचे.

माझा नवरा भट्टीवर कामाला. वस्तीत त्याला सगळे भट्टीवालाच म्हणत. समितीचा प्रमुखही तोच. आमच्या घरातलं पाणी तापवायचं यंत्र त्याने सर्वांत आधी काढून टाकलं आणि मग लोकांच्या दारी गेला. जे बोलायचा ते आधी स्वतः करायचा. माझा नवरा खोटा माणूस नाही आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

घरात आम्ही तिघं. तिसरी माझी सासू. तिने सगळा जन्म त्याच कारखान्यात घालवला. आधी काच दळायच्या खात्यात, मग तपासणीला. पांढऱ्या उजेडापुढून बाटल्या सरकत जायच्या आणि ही बसल्या जागेवरून खोट असलेली बाटली अचूक उचलून बाजूला टाकायची. कारखान्यात तिला दुर्बीण म्हणायचे. डोळे शेवटपर्यंत तसेच राहिले, छातीने मात्र दगा दिला. काच दळायच्या खात्यात जी भुकटी श्वासातून आत गेली, ती तिथेच घर करून बसली. चार पावलं चालली की तिला धाप लागायची. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं. स्टुलाएवढं, सतत घरघरणारं, नळी नाकाला लावायची. झोपेत तर हवंच, पण दिवसाही जास्तीत जास्त वेळ, असं त्यांनी दोनदा बजावलं. मशीन घरजावयासारखं कोपऱ्यात बसून वीज खायचं.

आजारी माणसांच्या घराला सूट होती. समितीपुढे मागायची आणि मग दारावर पांढरी बाटली लागायची. पण वस्तीची एकूण हद्द तेवढीच राहायची. आजाऱ्याने वापरलेली वीज बाकीच्या घरांनी वाचवून भरून काढायची. कुणाच्या श्वासासाठी कुणी दिवे मालवायचे, हे त्या पांढऱ्या बाटलीवरून सगळ्या गल्लीला कळायचं.

“मला नको बाई ती पांढरी बाटली,” सासूबाई म्हणाल्या. “मेल्यावर लावा.”

“आई, असं अभद्र बोलू नका.”

“मग तू असलं अभद्र सुचवू नकोस.”

पुढचे महिने आम्ही बाकी सगळं बंद ठेवून कसेबसे हिरवे राहिलो. मग उन्हाळा आला आणि घराच्या भिंतीसुद्धा तापू लागल्या. तरीही दारावर हिरवी बाटली आलीच. वीज जपल्याबद्दल भट्टीवाल्याने आईची पाठ थोपटली. मला नवल वाटलं, पण सुखाच्या गोष्टीची उलटतपासणी कोण करतं?

रोज कामावरून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला मशीनची घरघर ऐकू यायची. ती ऐकली की माझा जीव भांड्यात पडायचा. एकदा घरात शिरताना पदर मशीनला अडकला. तो सोडवायला हात घातला, तर मशीनची मागची बाजू थंडगार. ती बाजू मला ठाऊक होती. रात्रभर चालल्यावर सकाळी तिच्यावर हात ठेववत नसे.

“आई, हे कधी चालू केलंत?”

“सकाळपासून चालू आहे की.”

“मग पाठ थंड कशी?”

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. दुसऱ्यांच्या बाटलीतली खोट त्यांना लगेच दिसायची, पण स्वतःची पकडली गेल्यावर काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. हळूहळू सगळं बाहेर आलं. आम्ही दोघं कामावर गेलो की त्या मशीन बंद करायच्या आणि दिवसभर खिडकीत बसून राहायच्या. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की उठून पुन्हा लावायच्या. मी घरी पोहोचेपर्यंत घरघर सुरू झालेली असायची.

“खिडकीतून वारा येतो,” त्या म्हणाल्या. “तो फुकट आहे.”

“तुमचे ओठ निळे पडलेत, आई.”

“या वयात कुठे मिरवायचेत मला?”

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी त्यांच्या पायाशी बसले. तेव्हा त्या चेष्टा सोडून नीट बोलल्या. “ही भट्टी विझली तर हा काय करेल? त्याला दुसरं काही येत नाही. आणि तो लोकांच्या घरोघर जाऊन दिवे मालवतो. त्याच्याच दारावर पांढरी बाटली लागली तर त्याचं कोण ऐकेल? मी जन्मभर दुसऱ्यांच्या बाटल्या नापास केल्या. मला नापास व्हायचं नाही.”

भट्टीवाला घरी आला तशी मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. ऐकून तो मटकन खाली बसला. मग म्हणाला, “रविवारी बैठक आहे. मी स्वतः उभं राहून सूट मागतो.”

“आज का नाही?”

“अगं, बैठकीतच मागावी लागते. नियम मीच केलाय.”

पुढचे दिवस मी शेजारच्या म्हातारीला दुपारी आमच्या घरी बसवलं. मशीन चालू राहिलं. सासूबाई तिला दिवसभर टोचून बोलायच्या, पण ओठांवर रंग आला होता.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. पंखे अर्थातच बंद. सासूबाई हट्टाने आल्या होत्या आणि भिंतीला टेकून बसल्या होत्या. हिरवेसाहेबांनी सांगितलं, उन्हाळ्यामुळे वस्ती हद्दीच्या अगदी काठावर आली आहे, आणखी थोडा जोर लावला तर निभावेल. शेजारची तीच म्हातारी उठली आणि म्हणाली, तिने फ्रिज कायमचा बंद केला आहे. टाळ्या पडल्या. एका शिंप्याने सांगितलं, शिलाई मशीनची मोटर काढली, आता पायाने चालवतो. पुन्हा टाळ्या. मग भट्टीवाला उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, घसा साफ केला. आणि म्हणाला, “सगळ्यांचे आभार. असेच एकजुटीने राहू.”

तो खाली बसला. माझं डोकं फिरलं. मी उठले.

“आमच्या घराला सूट हवी आहे,” मी म्हणाले. “सासूबाईंना ऑक्सिजन लागतो. त्या दिवसभर मशीन बंद ठेवतात, तुमच्या बाटलीपायी.”

हिरवेसाहेब चटकन पुढे आले. “अहो, आधी सांगायचं ना! सक्ती कुणी केली आहे? आजींनी नुसतं हो म्हणावं, आत्ता पांढरी बाटली लावतो.”

सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्या भिंतीचा आधार सोडून सरळ उभ्या राहिल्या.

“सून काळजी करते,” त्या म्हणाल्या. “चांगली आहे. पण घाबरट आहे. मला काही गरज नाही.”

आणि त्या एकट्या सभागृहातून चालत निघाल्या. मधे कुठेही थांबल्या नाहीत, कुणाचा हात धरला नाही. लोक वाट देत होते. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. मी मागून धावले. कोपरा वळल्यावर, लोकांच्या नजरेआड, त्या एका दाराच्या पायरीवर कोसळल्या आणि बराच वेळ नुसत्या तोंड उघडून हवा ओढत राहिल्या.

“कशी चालले?” धाप जरा ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

त्या वेळी मला त्यांचा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

त्यानंतर शेजारची म्हातारी आमच्याकडे यायची बंद झाली. तिला वाटलं, मी भरसभेत खोटं बोलले. मी रजा मागितली, मिळाली नाही. उन्हामुळे पॅकिंगला माणसं कमी पडत होती. भट्टीवाल्याने पाळी बदलून मागितली, ती पुढच्या महिन्यापासून मिळणार होती. सासूबाईंनी मला वचन दिलं की मशीन बंद करणार नाहीत. संध्याकाळी मी मशीनच्या पाठीला हात लावून बघायचे. कोमट असायची. मला दाखवण्यापुरतं त्या आता भोंग्याच्या थोडं आधी मशीन लावत होत्या, हे मला नंतर कळलं.

ज्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी घरघर ऐकू आली नाही, त्या दिवशी मी भाजीची पिशवी रस्त्यातच टाकली. दार लोटलेलं होतं. सासूबाई खिडकीतल्या खुर्चीवरून अर्धवट खाली सरकलेल्या होत्या. नळी नेहमीसारखी नीट गुंडाळून खिळ्याला अडकवलेली. एकाच पायात चप्पल होती. भोंग्याची वेळ जवळ आली म्हणून त्या मशीन लावायला उठल्या असणार. दुसरी चप्पल पायात सरकवायचं तेवढं राहून गेलं.

भट्टीवाला रडला नाही. लोक आले, बसले, गेले. हिरवेसाहेबही आले आणि हात जोडून म्हणाले, अशी जबाबदार माणसं आता दुर्मीळ झाली आहेत.

पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा बैठक झाली. या वेळी पंखे चालू होते. वस्तीने कमाल केली आहे, हिरवेसाहेब म्हणाले. घरांनी इतकी वीज वाचवली की हद्दीत चांगली जागा मोकळी झाली आहे. त्या मोकळ्या जागेत कंपनी दुसरी भट्टी उभी करणार आहे. सभागृहात एकच जल्लोष झाला. मी कुणाला नावं ठेवत नाही. ज्या घरांत तरुण पोरं कामाविना हात चोळत बसली होती, त्यांनी टाळ्या नाही वाजवायच्या तर कुणी वाजवायच्या? मीच तेवढी हात मांडीवर ठेवून बसले होते.

भट्टीवाला जागेवरूनच बोलला. “म्हणजे धूर कमी होणार नाही?”

“हद्दीबाहेर जाणार नाही,” साहेब हसून म्हणाले. “तेच महत्त्वाचं.”

मग त्यांनी गल्लीत सर्वांत जास्त वीज वाचवणाऱ्या घराचा सत्कार जाहीर केला. शेवटच्या महिन्यात ते घर इतर सगळ्यांच्या फार पुढे गेलं होतं. घर आमचं होतं. मशीन महिनाभर कोपऱ्यात बंद पडून होतं, दुसरं काय होणार? भट्टीवाल्याच्या हातात हातभर उंचीची हिरवी बाटली देण्यात आली. त्याने ती घेतली, घरी आणली आणि आईच्या खुर्चीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी गल्लीच्या तोंडाशी पोहोचले आणि घरघर ऐकू आली. क्षणभर मी सगळं विसरले. जीव भांड्यात पडला, अगदी पूर्वीसारखा. पुढच्याच क्षणी मी धावत सुटले.

भट्टीवाला खाली जमिनीवर बसला होता. कामावर गेलाच नव्हता. मशीन चालू होतं. नळीचं टोक आईच्या उशीवर ठेवलेलं होतं आणि त्यातून बारीक फुस्स असा आवाज येत होता. दार उघडंच होतं, शेजारची म्हातारी बाहेरून डोकावत होती.

“अहो, हे काय?” मी विचारलं.

“राहू दे चालू.”

“तपकिरी बाटली लागेल दाराला.”

“लागू दे.”

“भट्टीवाल्या,” म्हातारी उंबऱ्यातून म्हणाली, “भरपाई आम्हाला करावी लागेल रे.”

“हो,” तो म्हणाला. “आईच्या वाटची भरपाई करायची राहिलीच होती ना.”

म्हातारी निघून गेली. मी मशीन बंद करायला वाकले. बटणाकडे जाणारा हात सवयीने मागच्या बाजूला गेला. पाठ चांगलीच तापली होती. मी हात तिथेच ठेवला, चटका बसेपर्यंत.