मागे कोणी नाही

"शिट्टी दे," मास्तर म्हणाले.

"कोणाला?"

"हिला. आजपासून शेपूट ही."

शेपूटकाकांनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग औषधांच्या दुकानवाल्या मुलीकडे आणि शेवटी स्वतःच्या डाव्या गुडघ्याकडे. सगळा घात त्या गुडघ्याने केला होता. भटक्या मंडळाच्या रविवारच्या फेरीत सगळ्यांच्या मागे चालायचं काम मंडळ सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे होतं. बरोबरीचे त्यांना नुसतं शेपूट म्हणत, लहान असतील ते शेपूटकाका म्हणत. आठवडाभर ते बाजारामागच्या गल्लीत पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देत आणि तिथे लोक त्यांना वाइंडिंगवाले म्हणत. ते नाव धंद्याने दिलं होतं. शेपूट हे नाव त्यांनी चालून कमावलं होतं आणि ते ऐकताना त्यांची छाती फुगायची.

"लेका, मागच्या फेरीला आमचे डबे खाऊन झाले, हात धुऊन झाले, तरी तुझा पत्ता नाही," मास्तर म्हणाले.

"शेपूट मागेच असणार. तोंडाशी आलं तर त्याला मिशी म्हणतील."

मंडळी हसली. मास्तर हसले नाहीत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा माणूस एरवी बोटचेपा, पण मंडळाचा म्होरक्या म्हणून उभा राहिला की ऐकायचा नाही. "ज्याला चालायला त्रास होतो त्याने पुढे चालायचं, म्हणजे सगळे त्याच्या चालीने चालतात. हे कोण सांगायचं सगळ्यांना?"

काकाच सांगायचे, तेही हातवारे करून. आपलंच बोलणं असं आपल्यावर उलटलं की माणसाची मोठी पंचाईत होते. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, शर्टाच्या टोकाने पुसली, उगाच पुन्हा पुसली आणि मुलीच्या हातावर ठेवली.

"काका, मला नाही हो मागितलं हे," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे. शिट्टीला थुंकी लावू नकोस, आवाज घोगरा होतो."

फेरी निघाली. काका मास्तरांच्या शेजारून, सगळ्यांच्या पुढे. पुढून चालताना दिसतं काय, तर रस्ता. नुसता रस्ता. मागून चालताना माणसं दिसतात. कोणाचा बूट चावतोय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोण गप्पांच्या नादात मागे पडतंय, हे सगळं पाठीवरून कळतं. काकांना आपण तोंड धुतल्याशिवाय घराबाहेर पडल्यासारखं वाटत होतं.

आणि खरं कारण निराळंच होतं. मंडळात सगळ्यांना वाटायचं, केवढी ही सेवावृत्ती! सेवा कसली? बायकोला दमा होता. ती चार पावलं चालायची आणि थांबायची, आणि दम लागलाय हे कबूल न करता खाली वाकून एखादा खडा उचलायची. "हा बघा, कसा निळा आहे." खडा करडाच असायचा. काका तो निरखून बघत आणि म्हणत, "आहे खरा." तोवर तिचा श्वास खाली बसायचा. तिला मागे राहायला कमीपणा वाटू नये म्हणून त्यांनी मागचं काम मागून घेतलं होतं. ती गेल्यालाही आता तीन वर्षं होत आली. तरी फेरीत सगळ्यांच्या मागे चालताना काका अजून मध्येच थांबायचे. गुडघ्यासाठी थांबत असतील असं लोकांना वाटायचं. काही वेळा ते गुडघ्यासाठी असायचं, काही वेळा नसायचं. तेवढी एकच जागा उरली होती, जिथे ती अजून शेजारी चालत असल्यासारखं वाटे, आणि आज मास्तरांनी ती गुडघ्याचं निमित्त करून काढून घेतली होती.

कुरण संपून दगडी कुंपण लागलं, तिथे वाट फुटत होती. उजवीकडची खाली ओढ्याला जाते, डावीकडची टेकडीच्या खांद्यावरून पलीकडच्या गावात उतरते. चहा त्या गावात.

"तू थांब इथे," मास्तर म्हणाले. "तेवढाच गुडघ्याला आराम."

मंडळाचा नियम साधा होता. वाट फुटली की म्होरक्या एकाला तिथे उभा करतो. तो येणाऱ्यांना वाट दाखवतो आणि शेपूट येऊन तोंडाने 'मागे कोणी नाही' असं म्हणेपर्यंत जागचा हलत नाही. मुक्कामाला पोचलं की शेपूट शिट्टी वाजवतं, म्हणजे सगळे आले. हा नियम काका आणि मास्तरांनीच बसवला होता आणि त्यामुळे मंडळाने आजवर माणूस हरवला नव्हता.

काका कुंपणाला टेकून उभे राहिले. मास्तरांबरोबरचे पुढे गेले. त्यांच्या मागचे दोघे-तिघे आले, त्यांना काकांनी डावीकडे लावलं. मग मधला घोळका यायला हवा होता. आला नाही. पोरीने कोणाच्या तरी पायाला पट्टी बांधायला घेतली असणार, काका मनात म्हणाले. औषधांच्या दुकानवाली म्हटल्यावर सगळ्यांना दुखायला लागतं.

कुंपणाची सावली या बाजूची त्या बाजूला गेली. काकांनी डबा उघडला, खाल्ला, बंद केला. फोन दुकानात होता. रविवारी फोन जवळ ठेवला की मोटारवाले जगू देत नाहीत.

खालून एक बाई सायकल ढकलत आली. मागे चाऱ्याचा भारा.

"वाट चुकलात का?" तिने विचारलं.

"मी? मी वाट दाखवायला उभा आहे. मागून आमची माणसं येतायत."

"मागून कोणी नाही. मी तिकडूनच आले."

"येतील."

"अहो, खालच्या शेतात मघाशी औषध मारायला घेतलं. तिथून बाहेरच्या माणसांना ओढ्याच्या अंगाने पाठवलं. तुमची माणसंही तशीच गेली असतील. चला, रस्त्यापर्यंत सोडते तुम्हाला."

बाई खरं बोलत होती, हे काकांना कळत होतं. ओढ्याच्या वाटेने गेलेली माणसं इकडे फिरकणारच नव्हती, परस्पर गावात निघणार होती. पण मागे कोणी नाही हे काकांना कोणी सांगायचं, हेही ठरलेलं होतं. आज शिट्टी काढून घेतली म्हणून नियम मोडायचा? मग तो इतकी वर्षं कशासाठी पाळला? आणि समजा, एखादं कोणी त्या घोळक्यातून सुटून, दम लागून, कुठे दगडावर टेकलेलं असेल तर? त्याने इथवर यावं आणि वळणावर कोणीच नसावं?

"तुम्ही व्हा पुढे," काका म्हणाले. "मला सांगणारं माणूस यायचं आहे."

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. या माणसाचं काय करावं, हे तिला कळेना. शेवटी तिने आपली पाण्याची बाटली कुंपणावर ठेवली आणि सायकल ढकलत निघून गेली.

उन्हं कलायला लागली तेव्हा गावाकडून कोणीतरी धावत येताना दिसलं. औषधवाली होती. केस सुटलेले, एका बुटाची नाडी लोंबत होती. काकांसमोर येऊन ती वाकली आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिली. धाप लागलेल्या माणसाशी बोलू नये, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी फक्त बाटली पुढे केली.

"काका, माझं चुकलं," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "आम्ही ओढ्यावरून गेलो. मी सगळ्यांच्या मागे होते, नीट बघत होते, शपथ. गावात पोचले, मागे कोणी नाही म्हणाले आणि शिट्टी वाजवली. वळणावर कोणी उभं असेल हे डोक्यातच नाही आलं."

"आणि मास्तर? त्याने तर मला उभा केला!"

"शिट्टी वाजली ना. मास्तर म्हणाले, आला शेपूट, आता चहा सांगा. सगळ्यांनाच वाटलं तुम्ही आलात. कप वाटताना एक उरला, तेव्हा..."

काका खो खो हसायला लागले. कुंपणाला धरून हसले. वर्षानुवर्षं शिट्टी वाजली की शेपूट आला, ही सवय मंडळाला त्यांनीच लावली होती, आणि तिनेच त्यांना रानात उभं करून ठेवलं होतं.

"मास्तर कुठाय?"

"येतायत मागून. त्यांना पळवेना. तोंड एवढंसं झालंय."

"होऊ दे जरा वेळ."

मुलीने डोळे पुसले, गळ्यातली शिट्टी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "ही तुमची तुम्ही घ्या. मला नाही जमायचं. मी सांगते मास्तरांना."

काकांनी शिट्टी हातात घेतली. ऊबदार होती. घ्यावीशी वाटली, फार वाटली. आता कोणी हूं की चूं केलं नसतं, मास्तरांनी तर पाया पडून दिली असती. पण ही पोर आपल्या एका माणसासाठी एवढी टेकडी एका दमात धावून आली होती, आणि आपला गुडघा आज टेकडी उतरायलाही कां कूं करत होता. शेपटाला असं धावून मागे येता आलं पाहिजे. आपल्याला येत होतं, आता येत नाही. काकांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी वाटू दिलं.

मग त्यांनी शिट्टीची दोरी तिच्या गळ्यात घातली आणि गाठ सरळ केली.

"नाडी बांध आधी. पडशील. आणि आता नियमाने सांग मला."

"काय?"

"शेपूट वळणावर आलं की काय म्हणतं?"

तिने नाडी बांधली, सरळ उभी राहिली. ज्या वाटेने काका सकाळी आले होते, त्या वाटेकडे तिने पार कुरणाच्या टोकापर्यंत पाहिलं.

"मागे कोणी नाही, काका."

काकांनीही पाहिलं. कुरण, दगडी कुंपण, वाट. त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं. खाली वाकून त्यांनी पायाशी पडलेला एक खडा उचलला, उन्हात धरून निरखला आणि खिशात टाकला.

"नाही ना? बरं तर," ते म्हणाले. "मी पुढे होतो. माझ्या चालीने ये."