पेल्यात उतरलेलं विष

छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर व्हिस्कीच्या दोन बाटल्या, दोन पेले, मागे पेलेवाले बाबा, आणि समोर खुर्चीत डोळे पिवळेजर्द झालेला माझा सख्खा भाऊ.

"ब्लेंडेड म्हणजे दहा घरची भेसळ!" बाबा गरजले. "सिंगल माल्ट एका घरची, निर्मळ! ती यकृतातलं विष खेचून घेते. फुंका!"

दादानं दोन्ही पेल्यांत फुंकर मारली. बाबांनी थर्मासमधलं गार पाणी ओतलं. ब्लेंडेड होती तशीच राहिली. सिंगल माल्ट बघता बघता धुरकट झाली.

"अगंबाई, उतरलं की विष!" वहिनी रडायलाच लागली. मी दिलेल्या गोळ्या बंद करून ती महिनाभर दादाला बाबांची हीच सिंगल माल्ट पाजत होती. मी डॉक्टर, सख्खी बहीण, आणि मला हे आज कळत होतं. डोकंच फिरलं माझं.

सिंगल माल्टच्या त्याच बाटलीतली व्हिस्की मी कोऱ्या पेल्यात ओतली. फुंकर नाही, मंत्र नाही. तेच गार पाणी घातलं. पेला धुरकट!

"हे कुणाचं विष, बाबा? टेबलाचं यकृत बिघडलंय?"

"ताई, तुमची श्रद्धा नाही, म्हणून..."

"गप बसा! या दारूत तेलकट अंश आहे. गार पाण्यानं तो दिसायला लागतो. तुमच्या ब्लेंडेडमधला कारखान्यातच थंड करून गाळलाय. आणि निर्मळ कसली? सिंगल म्हणजे एकाच कारखान्यातली, नुसत्या मोड आणलेल्या जवाची, म्हणजे माल्टची. तिथंही वेगवेगळ्या पिंपांतली दारू एकमेकांत मिसळतातच. ब्लेंडेडमध्ये अनेक कारखान्यांची माल्ट आणि दुसऱ्या धान्यांची व्हिस्की. फरक चवीचा. यकृताला जीभ नसते!"

लोक खो खो हसले. बाबांनी पेले तिथंच टाकून जिना गाठला. सगळ्यांत मोठ्यानं दादा हसला.

"आता गोळ्या सुरू करते हं," वहिनी म्हणाली.

मी दादाचं पोट दाबून पाहिलं. पाण्यानं तट्ट फुगलं होतं. "करा, बरा होईल," मी म्हटलं. खोटं बोलले.

आठवड्यात दादा गेला. भेटायला आलेल्या शेजाऱ्यानं मला हळूच बाजूला घेतलं. "ताई, मग ब्लेंडेड दिली असती तर वाचला असता का हो?"

त्याला मी दारापर्यंत पोचवलं. उत्तर तुम्हाला देते. नसता वाचला. गोळ्यांनी कदाचित वाचला असता. कुणी चमत्कार दाखवला, तर तोच प्रयोग त्या माणसाला बाजूला ठेवून करून बघा. रोगी जिवंत असतानाच बघा.