पाण्यातला ण

त्या सिनेमातला खुनी पकडला जातो तो एका अक्षरामुळे.

चार मुलं गेलेली असतात. इन्स्पेक्टरकडे ना चेहरा, ना बोटांचे ठसे. हाती असतो तो फक्त एका इमारतीच्या कॅमेऱ्यात अडकलेला आवाज. खेळणाऱ्या मुलीजवळ वाकून कोणीतरी म्हणतं, "बाय, थोरा पानी मिलंल का?" इन्स्पेक्टर तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकतो, मग उठतो आणि नकाशावर खाडीकाठच्या गावांना लाल पेनाने गोल करतो. 'पाणी' नाही, 'पानी'. पुढच्या अर्ध्या तासात खेळ खलास.

शूटिंग गोखिवऱ्याला झालं होतं, म्हणून फुलपाड्याच्या आमच्या अख्ख्या सोसायटीने तो सिनेमा पाहिला. त्यानंतर महिनाभर पार्किंगमधून कोणीतरी ओरडायचं, "बाय, पानी!" आणि मुली किंचाळत पळायच्या. शेजारच्या फ्लॅटमधली ब्रेंडा शाळेत शिकवते. ती एकदा वैतागून म्हणाली, "अगं, असं धरायला लागले तर वसईतले निम्मे आजोबा आत जातील." सगळ्या हसल्या. मीही हसले.

मी त्याच गोल केलेल्या गावांपैकी एका गावची. हे सोसायटीत माझ्या नवऱ्याला, हरेशला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मराठीच्या तासाला मी उभी राहून धडा वाचला आणि 'प्रान' म्हटल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हशीला हाकारतात तसा आवाज काढला. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "दिपिका, जीभ उलटी वळव, टाळूला लाव. मूर्धन्य आहे तो." दोन वर्षं मी न्हाणीघरात जीभ वळवत होते. बाण, वेणी, कोण, पाणी. तिसऱ्या वर्षी वक्तृत्वात बक्षीस मिळालं. तेव्हापासून आईचा फोन आला की मी आत जाऊन दार लावते. जवळ कोणी असेल तर उचलतच नाही, मागाहून करते. आईशी आईच्या भाषेतच बोलावं लागतं, तिला दुसरी येत नाही.

संजना आता पाच वर्षांची आहे. तिला मी तीन वर्षांत गावी नेलेलं नाही. खाडी उघडी आहे, विहिरीला कठडा नाही, डास तर विचारू नका. कारणं सगळी खरी आहेत. फक्त मोठं कारण मी त्यात धरत नाही.

त्या गुरुवारी दुपारी साडेचारला मुलं खाली घसरगुंडीपाशी होती. मी आणि ब्रेंडा माझ्या गॅलरीत उभ्या होतो. बोलता बोलता मी मुलं मोजत होते. मी मोजतेच. सहा, सहा, सहा. हातातला फोन दोनदा थरथरला. आई. मी तो उलटा करून कठड्यावर ठेवला.

मग पाच.

सहावी बाकापाशी होती. संजना. तिच्यासमोर एक म्हातारा वाकलेला. डोक्याला फडकं, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तसला काळा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. दुसऱ्या मजल्यावरून तोंड दिसत नव्हतं. आवाज मात्र वर आला.

"थोरा पानी देस का गो बाय?"

कोणाकडून काही घ्यायचं नाही, हे मी तिला शिकवलं होतं. कोणाला काही द्यायचं नाही, हे शिकवायचं राहिलं होतं. तिने गळ्यातली बाटली काढून पुढे धरली. म्हाताऱ्याने बाटली घेतली नाही. आधी तिच्या गालावर हात ठेवला.

"पकडा!" मी ओरडले. "पकडा त्याला! माझी मुलगी!"

"अगं थांब, बघू तर दे कोण आहे," ब्रेंडा म्हणाली. पण आवाज एकदा खाली गेला की परत ओढता येत नाही.

मी अनवाणी जिना उतरले. दोन मजल्यांना किती वेळ लागतो? खाली पोचले तेव्हा जिममधले तिघं-चौघं आणि दूधवाल्याच्या दुकानातली माणसं यांचं रिंगण झालं होतं. संजना बाकाला पाठ लावून उभी होती. मी तिला उचललं, चाचपलं. हात, मान, पाय. काही नव्हतं झालेलं.

"बोल, पानी पायजे?" एकजण सिनेमातल्यासारखा आवाज काढून म्हणत होता. "घे पानी!" त्याने संजनाचीच बाटली म्हाताऱ्याच्या तोंडावर ओतली.

"दिपीचे घरा आलूं," म्हातारा म्हणत होता. "दिपीचे घरा..."

"कोण दिपी? इथे कोणी दिपी नाही."

खरंच नव्हती. इथे मी संजनाची मम्मी, फार तर दिपिका मॅडम. चष्मा कधीच पडून फुटला होता. भुवईतून रक्त येत होतं. त्याने मान वर केली आणि आम्ही एकमेकांना पाहिलं.

बळीरामकाका. माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. पावसाळ्यात शाळेची वाट चिखलात जायची, तेव्हा मला खांद्यावर बसवून बांधाबांधाने नेणारा. वरून नुसती सावली पाहूनही मी तो ओळखायला हवा होता, इतका माझा.

मी तोंड उघडलं. भोवती वीस-पंचवीस माणसं होती, चार मोबाइल वर धरलेले. कोणत्या शब्दाने सुरुवात करावी ते मला सुचेना. एवढ्याशा वेळात त्याला आणखी एक बसली. कानाखाली.

काकाने माझ्याकडे पाहणं थांबवलं. दिपीचं नाव घेणंही.

"मॅडम, तुम्ही वर होतात म्हणून पोरगी वाचली," दूधवाला म्हणाला.

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते अजून मला सांगता येत नाही. मग पोलिसांची जीप आली आणि काकाला घेऊन गेली.

घरी आल्यावर कळलं की संजनाने पिशवी उचलून आणली आहे. आत नव्या तांदळाचं पीठ होतं आणि केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी. ती गाठ आईची. तशी तिरकी गाठ दुसरं कोणी मारत नाही.

"मम्मी, ते आजोबा म्हणाले, मी आजीसारखी दिसते. खरंच?"

फोन पुन्हा थरथरला. या वेळी मी उचलला.

"बलीराम पोचला ना गो?" आई म्हणाली. "सकालपासना फोन करताव तुना. त्याला सोसायटीचा नाव म्हाईत, तुजा घर म्हाईत नाय, पोरीला बगाचा म्हनून हट्टानं निंगाला. जेवला का तो?"

"पोचला," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

ब्रेंडा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. "संजनाला माझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "रिक्षा कर आणि जा. आत्ता जा, दिपिका." हरेशला वालीवच्या कारखान्यात फोन लावला, तर मशीनच्या आवाजात त्याला एवढंच कळलं की संजना ठीक आहे. रिक्षात मी ओठातल्या ओठात एकच वाक्य घोकत होते. काकाला पहिलं काय म्हणायचं ते.

चौकीत टेबलामागे एक बाई हवालदार होत्या. छातीवरच्या पट्टीवर नाव लतिका. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि कागद पुढे ओढला.

"तुम्हीच ना ओरडलात? सांगा. काय केलं त्याने मुलीला?"

काका भिंतीकडच्या बाकावर होता. भुवईवर कापूस चिकटवलेला, एक डोळा मिटलेला. फडकं घडी करून मांडीवर ठेवलेलं.

"काही नाही केलं," मी म्हणाले.

लतिकाबाईंनी पेन खाली ठेवलं. "सिनेमा आल्यापासून हा सातवा. मागचा तर मुका होता, बोला! त्याला कुठल्या अक्षरावरून धरला, देव जाणे. लोकांना वाटतं, पोलीस म्हणजे कॅसेट ऐकायची आणि नकाशावर गोल मारायचे. इथे मला आठ दिवस झाले, प्रिंटरची शाई मागतेय." मग बाकाकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "आजोबा, या ताईंना ओळखता का?"

काकाने सावकाश माझ्याकडे पाहिलं. पायापासून वर.

"नाय," तो म्हणाला. "मी चुकून शिरलूं आत. तहान लागलेली. त्या बायचा काय दोस नाय, तिची पोर हाय."

"कोणाकडे आलात तेही सांगत नाहीत," लतिकाबाई मला म्हणाल्या. "मघापासून हेच चाललंय. चुकून शिरलो, चुकून शिरलो."

सही करून निघून गेले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. काकाने माझ्यासाठी दार उघडं धरलं होतं. सोसायटीत मी मुलीला वाचवणारी आई राहिले असते.

"माझे काका आहेत," मी म्हटलं.

"कोण? हे?"

"सख्खे. माझ्याकडेच आले होते."

लतिकाबाई टेबलावरून पुढे वाकल्या. "सख्खा काका आहे, तर ओरडलात कशाला?"

"वरून दिसलं नाही. आवाज ऐकला."

"काय ऐकलंत?"

टेबलावरची काच फुटलेली होती, तिच्याखाली कुठल्याशा हरवलेल्या मुलाचा फोटो सरकवलेला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"अरे, आजोबांना पानी द्या कोणीतरी," लतिकाबाई मागे वळून म्हणाल्या आणि कागद फाडून टोपलीत टाकला. पानी. किती सहज. त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही, खोलीत कोणाच्याच आलं नाही.

कोणी उठायच्या आत मीच उठले. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि काकासमोर उकिडवी बसले. जवळून पाहिलं तर त्याचा खालचा ओठ फाटला होता आणि सदऱ्याची वरची गुंडी तुटली होती. रिक्षात घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. ते त्याच्याच बोलीतलं होतं, फक्त त्याला ऐकू जाईल इतकं हळू म्हणायचं होतं.

"काका, पाणी घे," मी म्हटलं.

जीभ आपली आपण वळली होती. टाळूला लागली होती.

त्याने पेला दोन्ही हातांनी घेतला. ओठाचा फाटका भाग चुकवत अर्धा प्यायला आणि उरलेला परत माझ्या हातात दिला.

"बस झाला, ताई," तो म्हणाला. "आता मना जाव द्या."