निळ्या न झालेल्या पेशी

थोरलीने तिसऱ्यांदा मोजलं, तरी आकडा तोच आला. डाव्या प्लेटमधल्या कॅन्सरच्या पांढऱ्या पेशी औषधाने पटापट मेल्या होत्या. मेलेली पेशी निळा रंग पिते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली नुसता निळा सडा. उजव्या प्लेटमध्ये त्याच पेशी, तेच औषध, वर फक्त अँटिऑक्सिडंटचे चार थेंब. तिथे निळ्या जेमतेम पाच-सहा. बाकीच्या सुट्टीवर आल्यासारख्या गुबगुबीत.

"बघितलंत?" प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई मागून म्हणाल्या. "औषध पेशीला सांगतं, आता तुझी तू मर. तुमच्या थेंबांनी तो हुकूमच पुसून टाकला."

थोरलीने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले.

थोरलीची बारा वर्षं पेशी जगवण्यात गेलेली. पेशी मलूल दिसल्या की चार थेंब सोडायचे, त्या तरारतात, हे तिच्या अंगात भिनलेलं. धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि उपचारांनी तो कोमेजू लागला, तेव्हा तिने तेच केलं. विचारल्याशिवाय काही देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पेशी मी सांभाळते, त्यांना काय कळतंय, असा हिचा तोरा! दीड महिना रोज दोन अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या. त्याच्या रक्तातल्या त्या पेशी जगवायच्या नव्हत्या, मारायच्या होत्या, एवढं साधं या शहाणीला सुचू नये?

"ही प्लेट आहे," तिचा चेहरा बघून बाई म्हणाल्या. "माणसात असंच होईल असं नाही."

थोरलीने मान हलवली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घर गाठलं.

भाऊ ओट्याशी उभ्यानेच जेवत होता. गालांवर रंग आला होता. "ताई, आज दोन जिने न थांबता चढलो!"

"दवाखान्यातून फोन आला?"

"आला ना. औषधाचा म्हणावा तसा गुण नाही म्हणे. पेशी कमी होत नाहीयेत. उद्या बोलावलंय." तो हसला. "त्यांचे आकडे त्यांना लखलाभ. मला तुझ्या गोळ्यांनी इतकं बरं वाटतंय, परवापासून चार घेतोय."

"डॉक्टरांना सांगितलंस?" तिने विचारलं.

"छे! तुला बोलणी बसतील. मरेन, पण तुझं नाव घेणार नाही."

थोरलीने ओट्यावरचा त्याचा फोन उचलून त्याच्या हातात ठेवला.

"घे," ती म्हणाली. "माझं नाव घे. आत्ता फोन लाव."